ठासणीची बंदूक घ्यायचीय? आधी राज्य बघा, मग दुकान

गेल्या गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या लाइनीत एक पुण्याचा मुलगा भेटला, ओहायोत येऊन दीड वर्ष झालेलं, म्हणाला दादा, या जानेवारीत तुमच्याबरोबर हरणाला यायचंय, ऑनलाइन एक मझललोडर बघून ठेवलीय, स्टेनलेस, वर स्कोप, सेलमध्ये आहे, घेऊ का? मी विचारलं, फक्त इथेच वापरणार की मित्राबरोबर कोलोरॅडोला एल्कला (तिकडचं मोठ्या जातीचं हरीण) पण जाणार? तर म्हणे हो, तोही प्लॅन आहे. म्हटलं मग थांब, ती बंदूक इथे चालेल पण तिथे जशीच्या तशी चालणार नाही. त्याला जे तासभर सांगितलं तेच इथे जरा नीट लिहून काढतोय, कारण दर वर्षी कोणी ना कोणी हेच विचारतं.

आधी एक सांगून टाकतो. हा सगळा लेख अमेरिकेतल्या कायदेशीर शिकारीबद्दल आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा गावी जाऊन कोणी प्रयोग करू नका. आमच्याकडे सिंधुदुर्गात शेती राखायला ठासणीच्या बंदुकीचं लायसन्स असायचं, आजोबांकडे होती, केपाची, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करून यायची. त्यामुळे मझललोडर हा शब्द मी इथे आल्यावर ऐकला तरी वस्तू ओळखीची होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, मागे केप (आग पेटवणारी छोटी टोपी) लावायची, बार काढायचा. एका वेळी एकच बार. दुसरा भरेपर्यंत हरीण पुढच्या काउंटीत.

आणि म्हणूनच भरवशाची बंदूक म्हणजे काय ते आधी डोक्यात पक्कं करा. लांब मारणारी नव्हे, देखणी नव्हे, महाग तर नव्हेच. दोन दिवस थंडीत, रिमझिमीत फिरवल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी चाप ओढला की तो एकच बार नक्की उडणार, ती भरवशाची. बाकी सगळं त्यानंतर.

पहिलं काम: व्हिसा, लायसन्स आणि राज्याचं नियमपुस्तक

एच-वनवाल्यांनी हे दोनदा वाचा. फेडरल कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत, पण ज्याच्याकडे रीतसर काढलेलं हंटिंग लायसन्स आहे त्याला त्यातून सूट आहे. आता ठासणीची बंदूक, जिच्यात काडतूस जाऊच शकत नाही, ती फेडरल व्याख्येत फायरआर्ममध्ये धरत नाहीत, म्हणून ती कित्येक ठिकाणी फॉर्म न भरता मिळते आणि लोक खूश होतात. पण यात दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे काही मॉडेलची नळी काढून त्याच सांगाड्यावर काडतुसाच्या रायफलची नळी बसते, अशी बंदूक कायद्याने सरळ फायरआर्मच. आणि दुसरं, राज्याचा कायदा वेगळा असू शकतो, काही राज्यं ठासणीची बंदूकही बाकीच्या बंदुकांसारखीच मोजतात. माझा सल्ला एवढाच की आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करा, लायसन्स काढा, आणि ग्रीन कार्डची फाइल चालू असेल तर आपल्या वकिलाला एक मेल टाका. त्याच्यानंतर दुकान.

मग नियमपुस्तक. दर वर्षी प्रत्येक राज्याचं वाइल्डलाइफ खातं ते फुकट काढतं, पीडीएफ मिळते, त्यातली मझललोडरची दोन पानं चहा घेत शांतपणे वाचा, कारण बंदूक कुठली घ्यायची हे अर्धं तिथेच ठरतं. आमच्या ओहायोत जानेवारीच्या सुरुवातीला चार दिवसांचा मझललोडर सीझन असतो, तिथे मॉडर्न इनलाइन (नव्या धर्तीची ठासणीची, पुढे सांगतो) चालते, स्कोप चालतो, गोळी-दारूच्या बाबतीत फार कटकट नाही. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ख्रिसमसनंतरचा जो सीझन आहे तो फक्त चकमकीच्या बंदुकीचा, १९७४ पासून चालू आहे, तिथे केप-प्रायमरवाली (प्रायमर म्हणजे केपेचाच आधुनिक भाऊ) घेऊन गेलात तर चालणार नाही. त्यांचा ऑक्टोबरमधला मझललोडर सीझन वेगळा, त्यात इनलाइन चालते. कोलोरॅडोत सप्टेंबरमध्ये मझललोडरचा सीझन असतो, पण स्कोप नाही, साध्या साइटने मारायचं, दारूच्या तयार गोळ्या म्हणजे पेलेट चालत नाहीत, सुटी दारूच हवी, सॅबो (गोळीभोवतीचं प्लास्टिकचं कवच) चालत नाही, आणि एल्कसाठी नळी कमीत कमी .५० ची (इंचात व्यास) लागते, हरणाला .४० पुरते. आयडाहोत मझललोडरच्या खास सीझनला तर २०९ प्रायमरच चालत नाही.

आता बघा, आमच्या पुणेकराची सेलमधली बंदूक, स्कोप लावलेली, सोबत पेलेटचं पाकीट आणि सॅबो फुकट. ओहायोत पास, कोलोरॅडोत तीन ठिकाणी नापास. नियम अधूनमधून बदलतातही, म्हणून मी लिहिलंय म्हणून चालू नका, त्या वर्षीचं पुस्तक उघडाच.

दुसरं काम: पेट कशाने घेणार ते ठरवा

बंदुकीचे प्रकार दुकानदार दहा सांगेल, खरे तीनच, आणि ते दारू पेटते कशी त्यावरून पडतात.

चकमकीची म्हणजे फ्लिंटलॉक. घोड्याच्या (चाप ओढल्यावर आपटणाऱ्या हातोडीच्या) जबड्यात गारेचा तुकडा, तो पोलादावर घासतो, ठिणग्या बाहेरच्या छोट्या वाटीतल्या रंजकीवर, म्हणजे पेट घ्यायच्या चिमूटभर दारूवर, पडतात, ती भुर्रकन पेटते आणि नळीच्या कानातून आग आत जाते. वाचायला जेवढा वेळ लागला तेवढा लागत नाही पण लागतो, आणि तेवढ्या वेळात बंदूक हलवायची नाही, डोळ्यासमोर भडका उडाला तरी. वाटीतली रंजक हवेतला दमटपणा शोषते, तास-दीड तासाने पुसून नवी घालायची. शिवाय हिला खरी काळी दारूच लागते, तिच्याऐवजी मिळणारी बदली दारू ठिणगीवर नीट पेट घेत नाही, आणि काळी दारू स्फोटक म्हणून ठेवायचे नियम कडक असल्याने बऱ्याच दुकानात नसतेच. नवशिक्याने पहिली बंदूक म्हणून ही घेऊ नये असं माझं मत. पेनसिल्व्हेनियात राहत असाल आणि नादच लागला असेल तर गोष्ट वेगळी, तिथल्या लँकेस्टर भागातल्या जर्मन कारागिरांनी १८ व्या शतकात त्या लांब नळीच्या रायफली घडवल्या, तिथे चकमक घेऊन बर्फात फिरण्यात एक मजा आहे हे मी नाकारत नाही.

केपाची म्हणजे परकशन. आजोबांवाली. बाजूला घोडा, खाली निपल (केप बसवायची पोकळ नळकांडी), त्यावर ११ नंबरची छोटी तांब्याची केप. साधी, दुरुस्तीला सोपी, आयडाहोसारख्या ठिकाणी नियमात बसते. पण आगीला वळसा घालून दारूपर्यंत जावं लागतं, आणि त्या वळणावर तेल किंवा काजळी अडकली की संपलं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझी इथली पहिली बंदूक हॉकेन टाइपची (जुन्या अमेरिकन घडणीची), जुनी घेतलेली, केपाची. घरी आणली, घासूनपुसून चकाचक केली, आत भरपूर तेल सोडलं आणि नळी खाली करून नव्हे तर वर करून कपाटात उभी ठेवली. सीझनच्या पहाटे भरली. साडेआठच्या सुमारास साठेक यार्डावर एक मादी ओढ्यातून वर आली, आडवी उभी राहिली, मान खाली. चाप ओढला. केप फट्ट वाजली, बस. बार नाही. मादीने मान वर करून माझ्याकडे असं बघितलं की काय रे, आणि शेपटी पांढरी करत निघून गेली. सगळं तेल पाझरून मागे दारूच्या जागी जमलेलं, आणि मी त्याच्यावर दारू ओतलेली. बंदुकीचा काडीचा दोष नव्हता. आणि जास्त वाईट याचं वाटलं की आजोबा भरायच्या आधी पडवीत चुलीतली राख थोडी टाकायचे, रिकाम्या बंदुकीवर नुसती केप लावून नळी त्या राखेकडे धरून उडवायचे, राख फुरर्कन उडाली तर वाट मोकळी. लहानपणी शंभरदा बघितलेलं. आता मी जंगलात वाळकं पान ठेवतो, पान उडालं की मगच भरतो.

तिसरी इनलाइन. हिच्यात प्रायमर नळीच्या बरोबर मागे, सरळ रेषेत, आग थेट दारूवर. १९८५ मध्ये टोनी नाइटने एमके-८५ आणली तेव्हापासून हा प्रकार जोरात सुटला, आता बाजारात बहुतेक हीच दिसते. शॉटगनचा २०९ प्रायमर वापरते, तो केपेपेक्षा कितीतरी गरम, आणि मागून झाकलेला असल्याने पावसात बरा टिकतो. तुमच्या राज्याचे नियम आड येत नसतील तर पहिली बंदूक ही घ्या, जास्त डोकं चालवू नका.

तिसरं काम: हातात घेऊन बघा

इनलाइनमध्ये मी ब्रेक अ‍ॅक्शन सांगतो, म्हणजे मधून मोडते ती. सीव्हीए, ट्रॅडिशन्स वगैरेंच्या साध्या मॉडेल तीनएकशे डॉलरच्या आसपास सुरू होतात आणि हरणाला त्या पुरून उरतात. जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर स्टेनलेस नळीला द्या, कारण या दारूची राख गंज आणते आणि आपण मराठी माणसं रविवारचं काम सोमवारवर ढकलण्यात पटाईत.

दुकानात सगळ्यात आधी ब्रीच प्लग काढून दाखवायला सांगा. नळीचं मागचं बूच ते. हाताने किंवा छोट्या पान्याने सुटलं पाहिजे. लोक स्कोप बघतात, कॅमो बघतात, याच्याकडे बघत नाहीत, आणि मग सीझननंतर व्हाइसला लावून मोठ्या पाइपाने फिरवत बसतात. प्लग सहज निघणारी बंदूक तुम्ही साफ कराल, न निघणारी करणार नाही, आणि साफ न केलेली बंदूक पुढच्या वर्षी फुसका बार देणार. म्हणून मी भरवशाचं पहिलं लक्षण हेच मानतो.

नळी .५० ची घ्या. गोळ्या, सॅबो, सगळं सामान ज्याला सगळीकडे मिळतं ते माप हेच, आणि कोलोरॅडोचा एल्क पण यातच बसतो. नळीच्या आतल्या आट्यांचा पीळ मात्र विचारा. २८ इंचात एक फेरी असेल तर सॅबो आणि लांबट गोळीसाठी, ६६ इंचात एक असेल तर चिंधीत गुंडाळलेल्या गोल शिशाच्या गोळीसाठी, ४८ वाला मधला, दोन्ही बऱ्यापैकी. मंद पिळाच्या नळीत सॅबो घालून बंदूक खराब आहे म्हणणारे मी बघितलेत.

खांद्याला लावून बघताना जाड जॅकेट घालून जा, उन्हाळा असला तरी. लोक टी-शर्टवर दस्ता मापतात आणि जानेवारीत तोच दस्ता काखेत अडकतो. आणि घोडा हातमोजा घालून मागे ओढता येतो का तेही बघून घ्या, थंड बोटांवरून निसटलेला घोडा फार वाईट.

जुनी घेताय? मग गज आधी.

ओळखीच्याकडून, गॅरेज सेलमध्ये, वारलेल्या म्हाताऱ्याच्या सामानात अशा बंदुका स्वस्त मिळतात, चांगल्याही असतात. पण हात लावल्या लावल्या एक करायचं. केप किंवा प्रायमर नाही ना बघायचं, मग गज नळीत टाकायचा, तोंडापाशी बोटाने खूण धरायची, बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून बघायचा. गज मागच्या बुचापर्यंत गेला पाहिजे. दोन-तीन इंच अलीकडे थांबला तर आत बार भरलेला आहे असं धरून चाला, वीस वर्षं भिंतीवर टांगलेली असली तरी. काळी दारू कोरडी राहिली तर म्हातारी होत नाही. अशी बंदूक स्वतः रिकामी करायला जाऊ नका, गनस्मिथकडे द्या.

रिकामी निघाली तर पांढरी चिंधी गजाला लावून आतून फिरवा. लालसर तपकिरी आली तर गंज, चिंधी फाटून आली तर आत कुठेतरी नळी खरबरीत झालीय. टॉर्च टाकून मागच्या तीन-चार इंचात खड्डे आहेत का बघा, खड्डे तिथेच पडतात. घोडा अर्ध्यावर ओढून चाप दाबून बघा, पडला तर तिथल्या तिथे नमस्कार करून निघा. आणि ब्रीच प्लग विकणाऱ्याकडूनच सोडवून घ्या, तुमच्या समोर. मी एकदा एकाच्या शब्दावर विश्वास ठेवून एक उचलली, म्हणे हो हो निघतो ना, घरी आणली तर तो प्लग नळीशी लग्न लावून बसलेला, गनस्मिथचं बिल बंदुकीपेक्षा जास्त झालं.

चौथं काम: दारू

ह्याच्यात चूक झाली तर बोटं, डोळे, जीव, काहीही जाऊ शकतं, त्यामुळे इथे मस्करी नाही. काडतुसात भरतात ती स्मोकलेस पावडर ठासणीच्या बंदुकीत घालायची नाही. चिमूटभर पण नाही. तिचा दाब कितीतरी जास्त, नळी फाटते. डब्याचा रंग काळा म्हणजे काळी दारू नव्हे, डब्यावर मझललोडरसाठी असं स्पष्ट लिहिलेलं हवं आणि तुमच्या बंदुकीच्या मॅन्युअलमध्ये त्या दारूचं नाव हवं. मॅन्युअलमध्ये जी कमाल मात्रा दिलीय ती कमाल, कोणी व्हिडिओत काय ओतलं ते तुम्हाला लागू नाही.

खऱ्या काळ्या दारूच्या जागी हॉजडनची पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन, आणि ब्लॅकहॉर्न २०९ अशा बदली दारू मिळतात. मोजतात ग्रेनमध्ये, पण वजनाने नाही तर मापट्याच्या आकारमानाने, हे नवीन लोकांना हमखास चुकतं, घरातला वजनकाटा काढून बसतात. ट्रिपल सेव्हन काळ्या दारूपेक्षा जोरकस, काळ्या दारूची मात्रा त्याला लावायची तर १५ टक्के कमी घेतात. ब्लॅकहॉर्न कमी काजळी करते आणि मला ती आवडते, पण तिला गरम २०९ प्रायमर आणि तिला चालणारा ब्रीच प्लग लागतो, केपेवर ती भरवशाने पेटत नाही. ५० ग्रेनचे पेलेट सोपे, दोन टाकले की १०० झाले, पण वर सांगितलं तसं काही राज्यात बंदी. सुटी दारू मापट्याने मोजायला शिकून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. डब्यातून किंवा शिंगातून थेट नळीत कधीच ओतायचं नाही, आत एखादी ठिणगी जिवंत असली तर सगळा डबा हातात उडेल. आधी मापट्यात, मापट्यातून नळीत.

गोळी ठासताना ती दारूवर नीट टेकली पाहिजे, मध्ये मोकळी जागा राहिली तर नळी फुगू शकते. म्हणून बरोबर भरलेली असताना गजावर तोंडापाशी एक रेघ मारून ठेवा, मी बायकोचं नेलपेंट वापरलं, अजून टिकलंय. दर वेळी भरलं की रेघ तोंडाशी आली का बघायचं. वर राहिली तर काहीतरी चुकलंय, खाली गेली तर दारू विसरलात, आणि हो, दारू विसरतात, सगळेच एकदा विसरतात. त्यासाठी गजाला लावायचा गोळी ओढायचा स्क्रू खिशात ठेवा.

पाचवं काम: रेंजवर तीन शनिवार

बंदूक चांगली की वाईट ते इथे कळतं. ५० यार्डावर कागद लावा, तीन बार काढा, प्रत्येक बारानंतर नळीतून एक ओली आणि एक कोरडी चिंधी फिरवा. एकच दारू, एकच गोळी, एकच मात्रा. नाही जमलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. हरणावर पहिला बार स्वच्छ, गार नळीतून जाणार आहे, म्हणून प्रत्येक शनिवारचा पहिला बार कुठे गेला ते वेगळं लिहून ठेवा. माझ्या इनलाइनने मी १०० यार्डाच्या पुढे मारत नाही, बंदूक नेईल पुढे, मी नेत नाही. गोल गोळीवाल्याने साठ-सत्तरवर थांबावं.

चाप ओढला आणि बार उडालाच नाही तर बंदूक खाली घेऊ नका. खांद्यालाच, तोंड टार्गेटकडे, निदान दोन मिनिटं. उशिरा पेट घेणारा बार हा प्रकार खरा आहे.

थंडीत अजून एक. दिवसभर बाहेर असलेली बंदूक रात्री उबदार खोलीत आणली की चष्म्यावर वाफ धरते तसं नळीच्या आतही पाणी धरतं आणि दारू भिजते. ओहायोत प्रायमर काढला की बंदूक रिकामी धरतात, पण तुमच्या राज्यात काय धरतात ते बघा, आणि घरात पोरं असतील तर भरलेली ठेवायचा विचारच नको, संध्याकाळी बार काढून टाका किंवा गोळी ओढून काढा आणि सकाळी नव्याने भरा. पावसात नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा एक तुकडा लावा, काढायची गरज नाही, पुढची हवाच तो उडवते.

आणि बार काढलात तर त्याच दिवशी धुवायची, थकलात, हरीण सोलायचंय, काहीही असो. काळी दारू, पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन यांना गरम पाणी आणि भांड्याचा साबण उत्तम, ब्लॅकहॉर्नला पाणी नाही, बंदुकीचं सॉल्व्हंट. नंतर कडकडीत कोरडी करून तेलाचा अगदी पातळ हात, ब्रीच प्लगच्या आट्यांना ग्रीस, आणि नळी खाली तोंड करून ठेवा म्हणजे तेल मागे जमणार नाही. धुवायचं काम गॅरेजमध्ये बादलीत करा. पहिल्या वर्षी मी बाथटबमध्ये केलं, काळ्या दारूच्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, त्यात टबाला राखाडी कडं पडलं, आणि दुसऱ्या दिवशी घरी हळदीकुंकू होतं.